रॅरिटन, लिंडन, पकिप्सी: अमेरिकेतल्या काऊंटीत गावाचा आणि घराचा इतिहास कसा शोधावा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहायला आलो त्या वर्षी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "मी शाळेत होतो तेव्हा एडिसन नव्हतंच." मला वाटलं, वस्ती नव्हती म्हणतायत. वस्ती होती, शेतं होती, शाळाही होती. नव्हतं ते नाव. १९५४ सालापर्यंत या गावाला रॅरिटन टाउनशिप म्हणत. मेन्लो पार्कची थॉमस एडिसनची प्रयोगशाळा याच हद्दीत होती म्हणून त्याचं नाव गावाला दिलं. हे मी ऐकलं आणि विसरलो, आणि पुढे दोन शनिवार मायक्रोफिल्मवर "एडिसन टाउनशिप, १९३०" शोधण्यात घालवले. यंत्र बिघडलंय असं समजून मी तक्रार करायला उठलो तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे दुसरी रीळ हातात दिली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: अमेरिकेत इतिहास शोधताना गावाच्या नावामागे लागायचं नाही, हद्दीमागे लागायचं. त्या वर्षी ही जमीन कोणाच्या अखत्यारीत होती आणि तिचं दप्तर आज कुठे आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं. खालच्या पायऱ्या मी राहतो त्या मिडलसेक्स काऊंटीच्या उदाहरणाने लिहिल्या आहेत. शेवटी हीच रीत आनंदीबाई जोशींच्या मागावर लावून दाखवली आहे, कारण त्यांच्या अमेरिकेतल्या खुणा तीन वेगवेगळ्या काऊंट्यांत विखुरलेल्या आहेत.

पहिली पायरी: आधी हद्दीची वंशावळ

काऊंटी म्हणजे आपला जिल्हा, असं मनात धरून चाललं तर सुरुवातीला अडत नाही. मिडलसेक्स १६८३ सालची, मुख्य ठिकाण न्यू ब्रन्स्विक. पण आपल्या जिल्ह्याला कलेक्टर असतो तसा इथे वरून नेमलेला साहेब नसतो. काऊंटीचं मंडळ निवडून येतं, आणि न्यू जर्सीत काऊंटी क्लर्क, शेरीफ आणि मृत्युपत्रांचं काम बघणारा सरोगेट हेही मतदानाने निवडले जातात. दुसरा फरक म्हणजे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. लुइझियानात काऊंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेक्टिकटने १९६० साली काऊंटी सरकारंच मोडीत काढली आणि तिथे जमिनीचे दस्त गावाच्या क्लर्ककडे असतात. व्हर्जिनियात अनेक शहरं कुठल्याच काऊंटीत मोडत नाहीत. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मित्राने सांगितलेली कचेरी तुमच्या राज्यात असेलच असं समजू नका.

आता एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या गावाची वंशावळ मांडा. एडिसनची अशी होते: सतराव्या शतकात पिस्कॅटवे आणि वुडब्रिज या दोन वसाहती. १८७० साली दोघींचे तुकडे काढून रॅरिटन टाउनशिप. १९०० साली तिच्यातून मेटचन बाहेर पडलं, १९०५ साली हायलंड पार्क. १९५४ साली उरलेल्याचं एडिसन. म्हणजे १८६० सालचा कागद हवा असेल तर पिस्कॅटवेच्या किंवा वुडब्रिजच्या दप्तरात जायचं. मेटचनमधलं घर असेल तर १८९५ साली ते रॅरिटनमध्ये होतं.

सारख्या नावांनी फसायला होतं ते वेगळंच. हंटरडन काऊंटीत आजही रॅरिटन टाउनशिप आहे, समरसेट काऊंटीत रॅरिटन नावाचं बरो आहे (न्यू जर्सीत टाउनशिपसारखाच बरो हाही नगरपालिकेचा एक प्रकार), आणि मॉनमथ काऊंटीतलं आजचं हॅझलेट १९६७ सालापर्यंत रॅरिटन टाउनशिपच म्हणवत होतं. आपल्याकडे पिंपळगाव म्हटलं की "कुठलं?" असं आपसूक विचारतो, तसं इथे प्रत्येक नावापुढे काऊंटी लिहायची सवय लावून घ्या. पोस्टाच्या पत्त्यावरही विसंबू नका. ओक ट्री रोडवर साड्या घ्यायला आपण "इझलिनला" जातो, पण इझलिन ही स्वतंत्र नगरपालिका नाही, ती वुडब्रिज टाउनशिपमधली वस्ती आहे. तिथल्या दुकानाचा कर आणि बांधकामाचा परवाना वुडब्रिजच्या कचेरीत सापडेल.

दुसरी पायरी: घराचे दस्त, मागे मागे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात पक्का माल इथेच आहे. न्यू जर्सीत प्रत्येक जमिनीला ब्लॉक आणि लॉट असे दोन क्रमांक असतात. ते मालमत्ता कराच्या बिलावर छापलेले असतात. आपल्या गट क्रमांकाचेच हे भाऊ. ते घेऊन काऊंटी क्लर्कच्या दस्त विभागाकडे जायचं. अलीकडचे दस्त बहुतेक ठिकाणी ऑनलाइन दिसतात, जुने बांधीव पुस्तकांत किंवा मायक्रोफिल्मवर.

महाराष्ट्रात ज्याने खरेदीखत वाचलंय त्याला हे काम अवघड नाही. तिथे "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" असतात, इथेही तेच दोन पक्ष आणि दोघांच्या दोन वेगळ्या सूची. तुमचं नाव "घेणार" सूचीत शोधा, तुम्हाला विकणाऱ्याचं नाव मिळेल. मग त्याचं नाव "घेणार" सूचीत शोधा, आणि असंच मागे चला. प्रत्येक नोंदीसमोर पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक असतो. दस्ताच्या मजकुरातही बहुधा एक ओळ सापडते: हीच मिळकत अमक्याने तमक्याला अमुक तारखेच्या दस्ताने दिली होती, पुस्तक इतके, पान इतके. ही ओळ हाताशी आली की सूची उघडायची गरज पडत नाही, सरळ त्या पुस्तकावर उडी मारता येते.

साखळी तुटली तर घाबरू नका. तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. मालक वारला आणि घर वारसांकडे गेलं असेल, तर विक्रीचा दस्त नसतो, सरोगेटच्या कचेरीत मृत्युपत्र बघायचं. कर्ज थकून लिलाव झाला असेल, तर देणार म्हणून शेरीफचं नाव लागतं. बाईने लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर ती एका नावाने घेते आणि दुसऱ्या नावाने विकते. आणि "एक डॉलर व इतर मोबदला" असं वाचून घर फुकट गेलं असं समजू नका. खरी किंमत न लिहिण्याची ती जुनी पद्धत आहे.

दोन गोष्टी जवळून बघण्यासारख्या आहेत. एक, मापं. जुन्या दस्तात जमीन ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, इतक्या चेन आणि इतक्या लिंक, अशी मोजलेली असते. एक चेन म्हणजे ६६ फूट, तिच्या १०० लिंका, आणि १० चौरस चेनचा एक एकर. आपल्याला हे पटकन कळायला एक किल्ली आहे: आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बरोबर अर्ध्या चेनचा चौरस. म्हणून एक चौरस चेन म्हणजे चार गुंठे. मूळ साखळी इंग्रजांचीच, ती तिकडेही गेली आणि इकडेही. न्यू जर्सीतली शेतजमीन मी गुंठ्यांत मांडून गावी आईला सांगितली तेव्हा तिला पहिल्यांदा ती खरी वाटली.

दुसरी गोष्ट दस्ताच्या शेवटी असते. एकोणिसाव्या शतकातल्या दस्तात नवरा-बायको दोघांच्या सह्या असतात आणि खाली अधिकाऱ्याचा दाखला असतो: पत्नीला नवऱ्यापासून बाजूला नेऊन एकटीला विचारलं, आणि नवऱ्याची भीती, धमकी किंवा जबरदस्ती नसताना तिने स्वखुशीने सही केल्याचं तिने सांगितलं. मिळकतीवर बायकोचा कायदेशीर हिस्सा असे, म्हणून ही काळजी. नवरा बाहेरच्या खोलीत टोपी हातात धरून उभा आहे आणि आत ती काय म्हणते याची वाट बघतोय, असं चित्र मला दरवेळी दिसतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही वसाहतींच्या दस्तांत अमुक वंशाच्या माणसाला घर विकू नये असंही कलम सापडतं. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला भेदभावच बेकायदा ठरवला. कागदावरची ओळ मात्र जागच्या जागी राहिली. सापडली तर फोटो काढून ठेवा, तोही गावाचा इतिहास आहे.

तिसरी पायरी: मृत्युपत्रं, आणि एक अवघड वही

न्यू जर्सीत १९०० पर्यंतची मूळ मृत्युपत्रं ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात आहेत, त्यानंतरच्यांची चौकशी काऊंटीच्या सरोगेटकडे करायची. वसाहतकाळातले जमिनीचे दस्तही ट्रेंटनलाच. मृत्युपत्रापेक्षा त्यासोबतची मालमत्तेची यादी जास्त बोलते: किती गाई, किती पिसांच्या गाद्या, तांब्याची किटली एक. अठराव्या शतकातल्या यादीत गाईंच्या खाली माणसांची नावंही येतात, किमतीसकट.

उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असतो, माझाही होता. न्यू जर्सीने १८०४ साली टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्याने स्वतंत्र, पण मुलाने २५ वर्षं आणि मुलीने २१ वर्षं आईच्या मालकाकडे राबायचं. मालकाने अशा जन्माची नोंद काऊंटी क्लर्ककडे करायची होती. त्यामुळे ज्यांची नावं दुसरीकडे कुठेच नाहीत अशा मुलांची नावं, जन्मतारखा आणि आयांची नावं काऊंटीच्या वह्यांत राहिली. क्लर्कच्या कचेरीत आणि ट्रेंटनला या नोंदींची चौकशी जरूर करा. गावातल्या रस्त्यांना ज्या घराण्यांची नावं आहेत, तीच नावं मालकांच्या रकान्यात दिसली तर दचकू नका.

चौथी पायरी: नकाशे, वर्तमानपत्रं, जनगणना

हे घरबसल्या होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. आगविमा कंपन्यांसाठी सॅनबॉर्न कंपनीने गावोगावचे नकाशे काढले होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मोठ्या संख्येने फुकट बघता येतात. त्यांत प्रत्येक इमारत रंगवलेली असते: गुलाबी म्हणजे विटांची, पिवळी म्हणजे लाकडाची. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की तबेल्याचं गॅरेज कधी झालं ते कळतं. शेतवस्तीचे नकाशे मात्र यांत मिळणार नाहीत, कारण विमा दाट वस्तीचा.

वर्तमानपत्रांसाठी त्याच संस्थेचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा संग्रह आहे. मिडलसेक्ससाठी त्यातलं पर्थ ॲम्बॉय इव्हनिंग न्यूज कामाचं. शोधताना माणसाचं नाव टाकण्याआधी रस्त्याचं किंवा चर्चचं नाव टाकून बघा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत आडनावं फार बिघडलेली असतात.

जनगणनेची पानं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ साली झाली. १८९० ची जवळजवळ सगळी वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर गेली. ही फट भरायला न्यू जर्सीच्या राज्य जनगणना आहेत, १८५५ पासून १९१५ पर्यंत दर दहा वर्षांनी. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं मोफत उघडता येतं आणि यातलं बरंच तिथे आहे.

पाचवी पायरी: सभेची इतिवृत्तं आणि माहितीचा अर्ज

पूल कधी बांधला, भिकाऱ्यांसाठीचं घर कुठे होतं, साथीत किती खर्च झाला, हे काऊंटी मंडळाच्या इतिवृत्तांत असतं. इथेही नावाचा सापळा आहेच. न्यू जर्सीत या मंडळाला कित्येक पिढ्या बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स म्हणत, कारण एके काळी स्वतःच्या मालकीची जमीन असलेलाच निवडून येऊ शके. १ जानेवारी २०२१ पासून ते बोर्ड ऑफ काऊंटी कमिशनर्स झालं. जुनं काही शोधताना "कमिशनर्स" टाकलंत तर हाती काही लागणार नाही, "फ्रीहोल्डर्स" टाका.

कागद मिळत नसेल तर आपल्या माहितीच्या अधिकारासारखा इथे ओप्रा (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट) कायदा आहे, २००२ पासून. काऊंटीचा किंवा नगरपालिकेचा स्वतःचा छापील अर्ज असतो, साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. केंद्राचा माहितीचा कायदा काऊंटीला लागू नाही, त्याचा हवाला देऊन पत्र लिहू नका. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर तो फेटाळला जातो. कागदाचा प्रकार, साल, विषय, तिन्ही नेमके लिहा. आणि खरं सांगायचं तर, अर्जाआधी काउंटरवर जाऊन विचारलेलं बरं. मला ज्या वहीसाठी अर्ज लिहावा लागेल असं वाटलं होतं, ती मागच्या खोलीतल्या गाडीवर सगळ्यांसाठी ठेवलेली होती.

सहावी पायरी: माणसं

सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाची खोली किंवा निदान एक कपाट असतं. तिथे पुस्तकांआधी कात्रणांच्या उभ्या फाइली मागा. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, अग्निशामक दलाच्या जेवणाचं तिकीट, बंद पडलेल्या डेअरीचं बिल, असं जे कुठेच बसत नाही ते त्या फाइलीत असतं. मिडलसेक्सवाल्यांना न्यू ब्रन्स्विकमध्ये रटगर्स विद्यापीठाच्या अलेक्झांडर ग्रंथालयाचा खास संग्रह जवळच आहे. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्या. गावातल्या इतिहास मंडळात बहुतेक निवृत्त स्वयंसेवक असतात आणि ते आठवड्यातून काही तासच उघडं असतं, तेव्हा आधी ईमेल करा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, तुम्ही काढलेल्या दस्तसाखळीची एक प्रत त्यांना द्या. आपल्या लोकांची १९६५ नंतरची इथली वाटचाल, पहिलं दुकान, पहिला भाड्याच्या हॉलमधला गणपती, हे त्या फाइलींत फारच थोडं आहे. जुन्या पत्रिका कोणाच्या तळघरात पडल्या असतील तर इतिहास मंडळाला विचारा, ते त्या घेतात.

हीच रीत आनंदीबाईंच्या मागावर

आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचं पत्र प्रिन्स्टनहून निघणाऱ्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीच्या रोझेलमधल्या थिओडिशिया कारपेंटर यांनी ते दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत असताना वाचलं, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. जून १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या त्या कारपेंटर कुटुंबाकडेच.

आता पहिली पायरी लावा. रोझेल बरो झालं १८९४ साली. १८८३ साली तिथली जमीन लिंडन टाउनशिपमध्ये होती, युनियन काऊंटीत, जी स्वतः १८५७ साली एसेक्स काऊंटीतून निघाली. म्हणजे कारपेंटरांचं घर शोधायचं तर लिंडनच्या नोंदी आणि एलिझाबेथ शहरातली युनियन काऊंटीची कचेरी. रोझेलचं आणखी एक वैशिष्ट्य कागदांत सापडतं: १८८३ च्याच जानेवारीत एडिसनने खांबांवरच्या तारांनी विजेचे दिवे लावण्याची आपली पद्धत याच गावात सुरू केली. आनंदीबाई उतरल्या ते गाव पाच महिन्यांपूर्वीच विजेने उजळलेलं होतं. पत्रांत दिव्यांचा उल्लेख शोधणाऱ्याने ही तारीख जवळ ठेवावी.

जनगणनेवर भिस्त ठेवू नका. केंद्राची १८८० ची गणना त्या येण्याआधीची, १८९० ची त्या वारल्यानंतरची, आणि पेन्सिल्व्हेनियाने राज्य जनगणना घेतलीच नाही. एलिस बेटाच्या यादीतही त्या नाहीत, कारण ते स्थलांतर केंद्र १८९२ साली सुरू झालं. कारपेंटर कुटुंबासाठी न्यू जर्सीची १८८५ ची गणना बघता येईल. आनंदीबाईंसाठी कॉलेजकडेच वळावं लागतं.

फिलाडेल्फियात काऊंटी आणि शहर १८५४ पासून एकच आहेत, त्यामुळे तिथे दोन कचेऱ्यांचा घोळ नाही. घोळ संस्थेच्या नावाचा आहे. वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया, जिथून त्या ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, त्या नावाने आज उभं नाही. नावं बदलत, विलीन होत ते ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळलं आणि त्याचं दप्तर ड्रेक्सेलच्या लेगसी सेंटरमध्ये आहे. १८८५ सालचा तो प्रसिद्ध फोटो, ज्यात नऊवारीतल्या आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली बसल्या आहेत, तो तिथलाच. शोधताना जोशी हे नाव इंग्रजीत शेवटी आय लावून टाकलंत तर काही मिळणार नाही. त्या काळच्या कागदांत ते दुहेरी ई-ने संपतं. आनंदीबाईंचंही "आनंदाबाई" करून बघा.

तिसरी काऊंटी न्यूयॉर्क राज्यातली डचेस. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या, त्यांच्या अस्थी थिओडिशियाबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि त्यांनी त्या पकिप्सी रूरल सिमेटरीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. न्यूयॉर्क राज्यात १९१९ च्या कायद्यापासून प्रत्येक शहराला, टाउनला आणि व्हिलेजला अधिकृत इतिहासकार नेमावा लागतो. म्हणून तिथे पहिला ईमेल कचेरीला नाही, या इतिहासकाराला करा. दुसरा पकिप्सीच्या ॲड्रियन्स ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला.

दफनभूमी काऊंटीची नाही, स्वतंत्र संस्था आहे, तेव्हा तिथे ओप्रा किंवा कुठलाही माहितीचा कायदा दाखवू नका, नम्रपणे विचारा. आणि विचारताना जोशी नावाने विचारू नका. दफनभूमीच्या नोंदी जागा विकत घेणाऱ्याच्या नावाने लावलेल्या असतात. "कारपेंटर कुटुंबाचा लॉट" म्हणा, लॉटचं कार्ड काढून दाखवतील का ते विचारा, आणि त्या लॉटमध्ये आणखी कोण कोण आहे ते वहीत उतरवून घ्या.